भाऊ, उरलेल्या गोळ्या टाकाव्या कुठं?

मागच्या अंकात एका ताईंना उत्तर देता देता मी सहज एक ओळ लिहून गेलो, की एक्सपायर झालेल्या गोळ्या नालीत नाहीतर विहिरीत टाकू नका. झालं. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आले की बाकीचे विषय या महिन्यात बाजूला ठेवावे लागले. बहुतेकांचं म्हणणं एकच, भाऊ नालीत नको, विहिरीत नको, चुलीत नको, मग काय डोक्यावर घेऊन फिरू का? बरोबर आहे. नको म्हणायला काय जातं. मी तीस-बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीमागं काढली, हजारो वेळा "जेवल्यावर घ्या" सांगितलं, पण उरल्या तर काय करायचं हे एकाही पेशंटला कधी सांगितलं नाही. आता सांगतो, उशिरा का होईना.

प्रश्न : आमचे मामाजी, म्हणजे सासरे, दोन महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या शुगरच्या, बीपीच्या, हार्टच्या गोळ्या पिशवीभर उरल्या आहेत, इन्सुलिनचे दोन पेन फ्रीजमध्ये आहेत आणि वापरलेल्या सुया एका डबड्यात. सासूबाई म्हणतात माणूस गेला, अस्थींसोबत औषधीपण नदीत सोडून द्यायच्या होत्या. जाऊबाई म्हणतात फेकू नका, माझ्या माहेरी काकांना शुगर आहे, त्यांना चालतील. मला दोन्ही पटून नाही राहिलं.
— एक सून, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : ताई, आधी जाऊबाईंचं बघू, कारण धोका तिथं जास्त आहे. शुगरची गोळी म्हणजे सगळ्यांना सारखीच असं नसतं. मेटफॉर्मिन वेगळी, ग्लिमेपिराईड वेगळी, डोस किडनीवर, वयावर, खाण्यापिण्यावर ठरतो. काकांना एक एमजीची चालत असेल आणि मामाजींची दोनची असेल तर एखाद्या दिवशी जेवायला उशीर झाला की काका वावरातच घाम फुटून पडतील. आपली वाया न घालवायची सवय इथं आड येते, भाकर उरली की ढोरांना टाकतो तशी गोळी उरली की सोयऱ्याला देतो. भाकरीचं ठीक आहे.

आणि ती पिशवी कुठं टांगली आहे ते आज उठून बघा. दाराच्या खुंटीला असेल, आणि घरात लेकरू असेल, तर आधी ती वर कडीकुलपात जाऊ द्या. ग्लिमेपिराईडची एक गोळीसुद्धा लहान लेकराची साखर जिवावर बेतेल इतकी खाली आणू शकते, आणि लगेच काही दिसत नाही, लेकरू खेळत असतं, काही तासांनी सुस्त पडतं. नुसता संशय आला तरी उलटी काढायच्या नादी न लागता १०८ ला फोन, नाहीतर गोळ्यांची स्ट्रिप हातात घेऊन तडक दवाखाना. स्ट्रिप विसरू नका, डॉक्टरचा अर्धा वेळ "कोणती गोळी होती, पांढरी होती" यातच जातो.

आता सासूबाईंची नदी. त्यांची भावना मी समजू शकतो. पण गोळी पाण्यात विरघळली म्हणजे दिसेनाशी झाली, गेली नाही. वर्धा नदीच्या पात्रात खालच्या अंगाला कोणत्या ना कोणत्या गावाच्या नळयोजनेची विहीर आहेच, आणि त्या योजनेत गाळणं आणि क्लोरीन एवढंच असतं, औषध काढून टाकायची सोय त्यात नसते. खरं सांगायचं तर नद्यांच्या पाण्यात औषधांचे जे अंश सापडतात त्यातला मोठा भाग आपल्याच लघवी-संडासातून गेलेला असतो, कारण घेतलेली सगळी गोळी शरीर वापरत नाही. ते काही आपल्याला थांबवता येत नाही. पिशवी थांबवता येते.

करायचं असं. सुया एखाद्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत, फिनाईलची रिकामी असते तशा, टाका, झाकणाला चिकटपट्टी मारा, वर मोठ्या अक्षरात "सुया" लिहा. दवाखान्यात सुयांसाठी न टोचणारा वेगळा डबा असतो, त्यात त्या जातील. पेनला सुई लागलेली असेल तर तीही काढून याच बाटलीत, नंतर पेन गोळ्यांसोबत. गोळ्या स्ट्रिपमधून सोडवत बसू नका, आहेत तशा एका पिशवीत भरा, चिठ्ठीवरचं मामाजींचं नाव फाडून टाका आणि पुढच्या वेळी पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाल तेव्हा सोबत न्या. दवाखान्यांना २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमानं एक्सपायर औषधं पिवळ्या पिशवीत टाकावी लागतात, ती पिशवी गाडीनं कचरा जाळायच्या भट्टीला जाते, आणि त्या भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात हजार डिग्रीच्या वर तापमान असतं.

सगळीकडं घेतील असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी सिस्टर हसून घेतात, काही ठिकाणी "घरचं आमच्याकडं नाही" म्हणून परत पाठवतात. परत पाठवलं तर खिडकीवाल्याशी भांडू नका, मेडिकल ऑफिसरला विचारा, बरेचदा काम होतं. नाहीच झालं तर आर्वी शहरात कोणी असेल त्यांच्याकडं द्या, घंटागाडीत वेगळी करून. घनकचऱ्याच्या नियमातही एक्सपायर औषधं आणि वापरलेल्या सुया वेगळ्या कचऱ्यात मोडतात, ओल्या-सुक्यात नाही.

इथं एक सांगून ठेवतो. मोबाईलवर तुम्हाला परदेशातला सल्ला दिसेल, की गोळ्या कॉफीच्या चोथ्यात कालवा, पिशवी बांधा आणि कचऱ्यात टाका. तिकडं ठीक आहे, तिकडचा कचरा गाडी नेते आणि नीट बांधलेल्या खड्ड्यात जिरवते. आपला कचरा उकिरड्यावर जातो आणि उकिरडा मे महिन्यात बंडीत भरून वावरात. म्हणजे फिरून ताटातच. खेड्यात "कचऱ्यात टाका" या सल्ल्याला काही अर्थ नाही, बंद झाकणाच्या डब्यात वर ठेवून द्या, दोन महिने राहिल्या तरी चालतील, तालुक्याची फेरी झाली की न्या.

प्रश्न : चुलीत जाळल्या नाहीतर वावरात हातभर खड्डा करून पुरल्या तर काय बिघडते? कोणाले दिसत नाही, कोणी खात नाही.
— शेतकरी, ता. नेर, जि. यवतमाळ

उत्तर : चुलीचं आधी. गोळ्यांची ती पारदर्शक फोडासारखी स्ट्रिप असते ना, ती बहुतेक पीव्हीसी प्लास्टिकची असते. पीव्हीसी चुलीच्या मंद आचेवर जळलं की आम्लाचा वायू निघतो, डोळे नाक झोंबतात ते त्यानंच, आणि डायॉक्सिन नावाची विषंही तयार होतात. चुलीपाशी कोण बसतं? घरातली बाई आणि मांडीवरचं लेकरू. शिवाय राख आपण फेकत नाही, राखेनं भांडी घासतो, वांग्यावर मारतो. दम्याचा पंप तर चुलीत चुकूनही टाकू नका, दाबानं भरलेली डबी असते, फुटते.

आता पुरायचं. यावर मी बोलायला सगळ्यात लायक माणूस आहे कारण मी पुरलेल्या आहेत.

१९९२ ची गोष्ट. मी नोकरीत नवीन, एका लहान सरकारी दवाखान्यात, नाव कशाला. एप्रिलमध्ये स्टॉक मोजला तर मागच्या खोलीत एक्सपायर झालेली दोन खोकी निघाली, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल, सल्फाच्या गोळ्या, खोकल्याचं औषध. कचऱ्याचे ते नियम तेव्हा नव्हतेच, पहिले आले १९९८ ला. साहेब म्हणाले खड्डा करा. मी आणि शिपाई, दोघांनी मागच्या पडीक जागेत गुडघाभर खणलं. काळी जमीन उन्हानं इतकी फाटली होती की भेगेत मनगटापर्यंत हात जायचा, आम्ही त्यावर हसलो पण, अर्धा खड्डा देवानंच खणून ठेवला म्हणून. टाकलं, माती ओढली, वरून पाय दिले, रजिस्टरवर सही केली.

जुलैत दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी एक गुरं राखणारं पोरगं खिडकीशी आलं, आठ-नऊ वर्षांचं असेल, चड्डीच्या खिशातून मूठभर चिखलानं भरलेल्या लाल-पिवळ्या कॅप्सूल काढून काउंटरवर ठेवल्या आणि म्हणालं, "साहेब, हे तुमचं हाय का? नाल्यात वाहून रायलं." त्यातली एक त्यानं फोडून पाहिली होती, बोटं पिवळी झाली होती.

काळ्या मातीचा हा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उन्हाळ्यात ती फाटते, आणि पहिला पाऊस त्या भेगांतून गाळल्याशिवाय सरळ खाली उतरतो. वरून पाणी मुरतं म्हणजे माती गाळते असं जे आपण धरून चालतो ते पहिल्या पावसाला लागू नाही. आमच्या त्या खड्ड्यापासून हँडपंप चाळीस पावलांवर होता. त्या पाण्यात काय गेलं, किती गेलं, कोणी तपासलं नाही, मीही नाही. अँटिबायोटिक मातीत थोडं थोडं राहिलं की तिथले जंतू मरत नाहीत, त्या औषधाला निर्ढावतात, आणि निर्ढावलेला जंतू ती शक्ती शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. म्हणून पुरू नका.

प्रश्न : मायच्या गुडघ्यासाठी डॉक्टरनं डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन लिहून दिले होते. दहा आणले, चार टोचले, सहा उरले. आता आमचा बैल मागच्या पायानं लंगडून राहिला. गावातला एक जण म्हणते का हेच इंजेक्शन ढोराले लय लागू होते, फेकण्यापेक्षा बैलाले देऊन टाक. देऊ का?
— पशुपालक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : नको, भाऊ. लागू होते हे खरं आहे, बैल दोन दिवसांत पाय टेकवेलही, आणि तरी नको, आणि कायद्यानंही नको.

तुम्ही पन्नाशीचे असाल तर आठवा, लहानपणी गावाबाहेर ढोरफोडीच्या जागी ढोर टाकलं की तासाभरात आभाळातून गिधाडं उतरायची, उन्हं कलायच्या आत हाडं पांढरी. मग नव्वदच्या दशकात ती कुठं गेली? लोक म्हणाले मोबाईलच्या टॉवरनं गेली, कोणी म्हणालं साथ आली. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवरच्या अभ्यासातून कळलं की कारण हे, तुमच्या हातातलं इंजेक्शन. ढोराला डायक्लोफेनॅक टोचलं आणि ते दोन-तीन दिवसांत मेलं तर औषध मांसात राहतं. ते मांस गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी बंद पडते, पोटातल्या अवयवांवर युरिक अॅसिडचा पांढरा थर चढतो आणि पक्षी झाडावर मान टाकून बसतो तो काही दिवसांत खाली पडतो. शंभर मेलेल्या ढोरांत एखाद्यात जरी हे औषध असलं तरी गिधाडं संपायला ते पुरेसं होतं, कारण एका ढोरावर सगळा थवा बसतो. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शंभरातली नव्याण्णवच्या वर गेली. ढोरं मग कुत्र्यांच्या वाट्याला आली आणि कुत्री वाढली, ते तर तुम्ही रोज बघता.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण लोकांनी माणसांच्या मोठ्या बाटल्या ढोरांना वापरायला सुरुवात केली, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनसुद्धा ३ मिलीच्या एका डोसपुरतंच विकायचं असं ठरवलं. तुमच्याकडं जी लहान लहान अँप्युल्स आहेत ती तशी लहान आहेत ती याच कारणानं, म्हणजे बैलाला टोचायला परवडू नये म्हणून! आणि तुम्ही सहा जमवून बसलात. पुढं २०२३ ला जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक ही दुखण्याचीच दुसरी औषधंही बंद झाली, मग निमेसुलाइडही.

तुमच्याच जिल्ह्यात ताडोबातल्या बोटेझरीला २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून पांढऱ्या पाठीची गिधाडं आणून ठेवली, पेंचमध्ये लांब चोचीची. इतक्या लांबून पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी आणावे लागतात, आणि इकडं आपण बैलाला सुई.

बैलासाठी १९६२ वर फोन करा, नाहीतर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मेलोक्सिकॅम नावाचं औषध आहे, दुखणं तेही थांबवतं आणि गिधाडांना त्यानं काही होत नाही. आणि लंगडतो म्हणजे दुखणंच थांबवायचं असं नाही, खुरात काटा असेल, खूर सडलं असेल, ते बघायला कोणीतरी पाय उचलून पाहिला पाहिजे. सहा अँप्युल्स मायच्या पुढच्या तपासणीला सोबत न्या, तिथंच द्या. फोडून मोरीत ओतू नका.

जाता जाता, गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिन टोचता ना, त्याचाही उरलेला डोस "घे तूही" म्हणून दुसऱ्या गाईला देऊ नका. ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांची पिल्लं त्या शेणात मरतात. शेणाची पोटी महिनाभर वाळून तशीच पडलेली दिसली तर समजा.

प्रश्न : मी आशा आहे. गरोदर बायांना लोहाच्या लाल गोळ्या देते, १८० द्यायच्या असतात. घरी जाऊन पाहिलं तर गादीखाली, फळीवर, पिठाच्या डब्यामागं गोळ्या तशाच. हत्तीरोगाच्या गोळ्या समोर खायच्या असतात तरी काही जण "जेवल्यावर खातो" म्हणतात आणि मागं वाडीत फेकतात, कोंबड्या टोचून राहतात. रागावलं की पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. काय करू?
— आशाताई, जि. भंडारा

उत्तर : रागावू नका हे तुम्हाला आधीच समजलंय. गादीखालची गोळी म्हणजे त्या बाईचं न बोललेलं उत्तर असतं. मळमळते, शी काळी होते, सासू म्हणते बाळ काळं होईल. शी काळी होणं लोहामुळं असतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढं एक वाक्य शंभर गोळ्या वाचवतं. रात्री जेवल्यावर घ्या, मळमळ बरीच कमी होते. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या, चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबत नको, म्हणजे लोह अंगी लागतं. आणि जमत असेल तर एकदम ढीग न देता महिन्याच्या तीस तीस द्या, पुढच्या वेळी रिकामी स्ट्रिप बघून पुढची. उरतच नाही मग.

उरलेल्या मात्र परत घ्याच, कारण लाल, चकचकीत, गोड पापुद्र्याची गोळी लेकरांना चॉकलेटच वाटते. एका गोळीत ६० एमजी लोह असतं. दहा किलोच्या लेकरानं चार-पाच खाल्ल्या तरी दवाखाना गाठायला पाहिजे, दहाच्या वर गेल्या तर जीव धोक्यात. त्यात एक फसवं असतं, आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास लेकरू बरं वाटतं, आणि मग एकदम बिघडतं. मधल्या त्या बऱ्या वाटण्यावर विश्वास ठेवायचा नाही.

अंगणवाडीत पोषण दिवस असतो तेव्हा एक झाकणाचा डबा घेऊन बसा, "उरलेल्या आणा, रागावणार नाही" म्हणा. सिस्टरला आधी कानावर घाला म्हणजे डबा पुढं जाईल. हत्तीरोगाच्या बाबतीत मात्र हातात देऊ नका, तुमच्याच लोट्यातलं पाणी आणि तुमच्यासमोर, नाही म्हणाले तर गोळ्या परत बॅगेत. नाकारलेली गोळी बॅगेत परत आली तर हिशेब लागतो, वाडीत गेली तर "खाल्ली" म्हणून कागदावर चढते.

प्रश्न : तापाच्या गोळीची एक्सपायरी मागच्या महिन्यात झाली. घेतली तर विष होते का?
— एक आजोबा, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : नाही, विष नाही होत. पाकिटावर महिना लिहिलेला असतो तो त्या महिन्याचा शेवटचा दिवस. त्यानंतर बहुतेक गोळ्या हळूहळू कमजोर होतात. जुन्या टेट्रासायक्लिननं किडनी बिघडल्याचे प्रकार १९६० च्या दशकात झाले होते, तो अपवाद. तरी घेऊ नका, कारण ती तारीख पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला ठेवलं तर असते, आणि मे महिन्यात आपल्या टिनाच्या घरात ४५ च्या वर पारा असतो, तिथं कसली तारीख. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, इन्सुलिन, डोळ्याचे थेंब यात तर अजिबात चालढकल नको. डोळ्याची बाटली फोडल्यापासून महिना. लेकरांचं पावडरमध्ये पाणी घालून करायचं अँटिबायोटिक बहुतेक ७ दिवस, लेबलवर बघा, पुढच्या तापासाठी जपून ठेवायचं नाही.

प्रश्न : आमच्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं की औषधांमुळे नर माशांमध्ये मादीचे गुण येतात. आमच्या गावात बोडी आहे, आम्ही तिथले मासे खातो. घरात माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांची जुनी पाकिटं आहेत ती आईनं बोडीजवळ फेकली तर असं होईल का?
— बारावीची विद्यार्थिनी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : बाळा, प्रश्न आवडला, हिशेब करून सांगतो. सर म्हणतात ते खरं आहे. कॅनडात ओंटारिओमध्ये संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या एका तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक, इथिनिल एस्ट्राडिऑल, मुद्दाम घातलं, लिटरला फक्त ५-६ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. लहान मिन्नो माशांच्या नरांत मादीसारखे बदल झाले, पिल्लं होईनात, आणि ते मासे त्या तळ्यातून जवळजवळ संपले.

आता माला-एन. एका गोळीत तेच संप्रेरक ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३०,००० नॅनोग्रॅम. पाचनं भाग, ६,००० लिटर. एक गोळी म्हणजे साधारण एक टँकर पाणी त्या पातळीला. पाकिटात अशा २१ (उरलेल्या ७ लोहाच्या), म्हणजे सव्वा लाख लिटर. एक एकराची, मीटरभर पाण्याची बोडी धरली तर तिच्यात चाळीस लाख लिटर असतं. म्हणजे एका पाकिटानं तुमचे मासे बदलणार नाहीत, शिवाय ते संप्रेरक हळूहळू मोडतंही आणि तळ्यात ते तीन वर्षं सतत घातलं होतं. घाबरू नकोस, मासे खा. पण उन्हाळ्यात बोडीत गुडघाभर डबकं उरतं तेव्हाचा हिशेब तू स्वतः कर. आणि आईला सांग, पाकिटं आशाताईंकडे.

औषधानं पाणी खरोखर किती खराब होऊ शकतं हे बघायचं असेल तर घरांपेक्षा कारखाने बघावे लागतील. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला सुमारे नव्वद औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र आहे, तिथून बाहेर पडणाऱ्या "शुद्ध" पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं, २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. औषध घेणाऱ्या पेशंटच्या रक्तात असतं त्यापेक्षा ते जास्त. आईच्या पाकिटाला रागावताना हेही लक्षात असू दे.

प्रश्न : तुमच्यासारखे लोक लिहून मोकळे होतात, की मेडिकलमध्ये परत द्या. आमचं दुकान आहे, गोडाऊन नाही. लोकांच्या घरच्या फुटक्या बाटल्या आम्ही कुठं नेऊ?
— मेडिकलवाला, ता. रिसोड, जि. वाशिम

उत्तर : मान्य. मी मेडिकलचं नाव घेतलं नव्हतं, पण लोक तुमच्याकडंच येणार हेही खरं. वाचकांसाठी सांगतो, दुकानदार कंपनीला परत पाठवतो तो त्याचा स्वतःचा न विकलेला माल, बिलासकट. तुमच्या घरून आलेली अर्धी स्ट्रिप कोणी परत घेत नाही, ती त्याच्याच काउंटरखाली साचते.

केरळात २०२५ पासून एन-प्राउड नावाची योजना कोझिकोडला सुरू झाली, घरची उरलेली औषधं सरकारच गोळा करून भट्टीला पाठवतं. त्याच वर्षी केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेनं म्हणजे सीडीएससीओनं मार्गदर्शन काढलं, त्यात अशा गोळा करायच्या केंद्रांचा विचार आहे. त्यात १७ औषधांची वेगळी यादीही आहे, फेंटानिल, ट्रामाडॉल, डायझेपाम वगैरे, ज्यांची चुकून एक गोळी लागली तरी जीव जाऊ शकतो, आणि परत द्यायची सोय नसेल तर ती घरात ठेवण्यापेक्षा संडासात टाकून पाणी सोडा असं म्हटलं आहे. फक्त ही १७, बाकी नाही. ते शहराच्या गटारासाठी ठीक वाटतं, आपल्याकडं दोन शोषखड्ड्यांचा संडास आणि पंधरा पावलांवर विहीर. तरी घरात कॅन्सरच्या पेशंटच्या मॉर्फिनच्या गोळ्या किंवा फेंटानिलची पट्टी उरली असेल, दवाखाना लांब असेल आणि लेकरं असतील, तर मी संडासच म्हणेन. विहिरीपेक्षा लेकराची भीती मोठी.

तुमच्यासाठी एक सुचवतो, पटलं तर बघा. तालुक्याच्या केमिस्ट लोकांनी मिळून ग्रामीण रुग्णालयाला पत्र द्या, महिन्यातून एक दिवस तुमचे डबे त्यांच्या पिवळ्या पिशवीत. पाच दुकानांनी एकट्या-एकट्यानं विचारलं तर नाही म्हणतील. आणि एक तुमच्या हातात आहे. पाकिटावर लाल रेघ असलेली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, त्यासाठी २०१६ पासून ती रेघ ओळखा म्हणून मोहीम आहे. "दोन गोळ्या दे, बरं वाटलं तर पाहू" म्हणणारं गिऱ्हाईक परत पाठवलं तर लोकांच्या डब्यातल्या अर्ध्या गोळ्या तिथंच कमी होतात. धंदा बुडतो म्हणाल, माहीत आहे.

प्रश्न : मुलीला सिकलसेल आहे. हायड्रॉक्सीयुरियाचा डोस बदलला, जुन्या कॅप्सूल उरल्या. मोठी सून गरोदर आहे, ती घर आवरताना हात लावते. चालते का?
— एक आई, ता. कोरची, जि. गडचिरोली

उत्तर : नाही चालत, ताई. ते पेशींची वाढ रोखणारं औषध आहे, कॅन्सरमध्येही वापरतात. कॅप्सूल फुटली असेल तर गरोदर बाईनं त्या पावडरला अजिबात हात लावू नये, ओल्या कापडानं दुसऱ्या कोणीतरी पुसावं, हातात पिशवी घालून, आणि ते कापड त्याच पिशवीत बांधावं. उरलेल्या कॅप्सूल पुढच्या तपासणीला जिल्हा रुग्णालयात परत द्या, जिथून मिळाल्या तिथंच. दुसऱ्या सिकलसेलच्या लेकराला देऊ नका, त्याचा डोस वजनावर आणि रक्ताच्या तपासणीवर ठरतो.

प्रश्न : मला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून देतात. दर वेळी डॉक्टर काहीतरी बदलतात आणि जुन्या राहतात. डबा भरला.
— निवृत्त शिक्षक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : गुरुजी, नवीन औषध सुरू करताना डॉक्टरांना सरळ म्हणा, आधी पंधरा दिवसांच्या लिहा, लागू पडल्या तर पुढच्या घेतो. आणि जाताना डबा सोबत न्या. मी एकदा आमच्या वहिनींचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा खाटेवर उलटा केला, तर त्यात बीपीची एकच गोळी तीन वेगळ्या कंपन्यांच्या नावानं निघाली, आणि त्या दोन घेत होत्या, सकाळी पिवळी, संध्याकाळी पांढरी. डॉक्टरनं डबा पाहिला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. आणखी एक, अर्धी स्ट्रिप कापून घेता तेव्हा मेडिकलवाल्याला सांगा, नाव आणि एक्सपायरी छापलेली बाजू मला राहू दे. कापलेला तुकडा कोणत्या औषधाचा आहे हे महिन्यानं मलाही ओळखता येत नाही.